आळणी गावाचा अहवाल

चहा निवला तरी चालेल, पण हे ऐकाच. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. माझ्या हातून एक अख्खं गाव आळणी झालं होतं.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या आसपासची गोष्ट. साताऱ्यात एका सरकारी पाहणीत मला सहा महिन्यांची कच्ची नोकरी लागली. काम काय, तर खेड्यातली माणसं मीठ किती खातात ते मोजायचं. गळ्याला गाठ येते ना, गलगंड, ती आयोडीन कमी पडल्यानं. ते मिठातून द्यायचं तर आधी मिठाचा हिशोब लागायला हवा.

अहवाल साहेबांना पटला तर मी पक्का. आणि पक्का झालो तरच पलूसचे पाहुणे मुलगी देणार. म्हणजे माझं लग्न मिठावर अडलेलं. आता सांगा, घास तरी नीट उतरेल का?

आटपाडीकडच्या एका गावात वीस घरांना अर्धा-अर्धा किलो मीठ तोलून दिलं. "घरात हेच वापरा, आठ दिवसांनी पुन्हा तोलायला येतो," एवढंच सांगितलं. मी राहायला शाळेत आणि जेवायला चंद्राबाईंकडे. त्यांचं घर त्या विसांतलंच. बाई वयस्कर, पण एकदम खमकी. रोज गरम भाकरी, झणझणीत आमटी, आणि मला जेवताना लागतं म्हणून ताटात चिमूटभर मीठ.

आठ दिवसांनी पहिली पिशवी चंद्राबाईंचीच तोलली. अर्धा किलो.

दुसरी तोलली, अर्धा किलो. तिसरी तर अर्ध्या किलोच्या वर. वजनं उलटीपालटी करून वीसही पिशव्या तोलल्या; एकही कमी नाही, तीन तर जास्तच. मिठानं ओल धरली म्हणावं, तर आटपाडीत ओल कुठली?

"चंद्राबाई, मीठ वापरलं ना?"

"वापरलं की."

"मग कमी कसं झालं नाही?"

बाईंचा चेहराच बदलला. "आवं सायेब, कमी कशाला हुईल? आमी काय तसली मान्सं हाय व्हय?"

तसली म्हणजे कसली, हे विचारायला हवं होतं की नाही? पण उद्या साहेब येणार, या धास्तीनं माझं डोकंच चालेना. शाळेच्या ओट्यावर बसून घाम पुसता पुसता एकदम सुचलं. इथल्या विहिरीचं पाणी मचूळ! त्यातूनच यांना मीठ मिळत असणार. लगेच सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं: सदर गावी मिठाचा वापर शून्य. तीन घरांत उणे.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमधून उतरले. अहवाल दोनदा वाचला.

"उणे म्हणजे? ही घरं मीठ तयार करतात का?"

"तसं म्हणायला हरकत नाही, साहेब."

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं.

साहेबांनी चंद्राबाईंना बोलावून घेतलं. बाई पदर सावरत आल्या.

"मीठ वापरलं तर पिशवी भरलेली कशी, मावशी?"

"तोलून दिल्यालं, तोलून न्हेणार म्हनलं. मग उणं कसं द्यायचं? गावाची अब्रू हाय का न्हाई? जेवढं वापरलं तेवढं दुकानातनं आणून घातलं. काहींनी वर मूठभर चढ घातलं."

साहेब गालातल्या गालात हसले.

"आन ह्या सायबांपायी तर लय मीठ गेलं बगा," चंद्राबाई म्हणाल्या. "आमटी खारट झाली तरी मागत्यात. आठ दिस रोज दोन येळा."

साहेबांनी शांतपणे खिशातलं पेन काढलं, माझं 'शून्य' खोडलं आणि वर लिहिलं: मीठ खाणारे, एक. शेजारी कंसात माझं नाव.

नोकरी पुढचे सहा महिने कच्चीच राहिली. मग पक्की झाली आणि लग्नही झालं. पलूसच्यांना हे सगळं समजलं होतं, म्हणून बायको आजही माझ्या ताटात मीठ वाढते ते मोजून.