आधी कुठली हेडर?

उल्हासनगरला कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन कॉम्प्युटर, एक पंखा, सर आणि मी. आनंदनगरच्या कारखान्यांत कापड रंगवायची मशिनं असत, त्यांच्यासाठी आम्ही सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचो. सर सिंधी होते; मराठी बोलायचे, पण हिंदीचा हात धरून.

हेडर फाइल म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या गोष्टींची आधीच करून दिलेली ओळख. एका हेडरला दुसरी लागत असली, तरी ती तिच्या आत जोडायची नाही, हा सरांचा हट्ट. "कॉम्प्युटर स्लो आहे, बेटा. एकच फाइल दस बार वाचेल." म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर सगळ्या हेडर ओळीने लिहायच्या, त्याही ठरलेल्या क्रमाने. वेळेच्या हेडरआधी तापमानाची आली की पडदाभर एरर. आणि तो क्रम ठाऊक फक्त सरांना.

माझं डोकं फिरायचं. "सर, जिला जे लागतं ते तिनेच मागवावं ना! तीच फाइल दोनदा वाचली जाऊ नये म्हणून तिच्या वर अट घालता येते."

"मी बसलोय ना इथे. विचार."

मग मी दिवसभर विचारायचे. चहाचा कप हातातच ठेवून ते सांगायचे, "पहले टाइम, फिर टेम्परेचर," आणि स्वारी खूश.

पुढे सरांच्या छातीत दुखू लागलं, बायपास ठरली. प्रोग्रॅम अर्धवट, कारखानदाराची घाई. मी क्रम लिहून मागितला, तर म्हणाले, "जरूरत नहीं पडेगी." मला संतापच आला. माणूस हॉस्पिटलात निघालाय आणि हट्ट काही सोडत नाही! ते परत येतील ना, हे मात्र विचारायचा धीर झाला नाही.

ते हॉस्पिटलात गेल्यावर मी फाइली उघडल्या. प्रत्येक हेडरमध्ये तिला लागणाऱ्या तेवढ्या हेडर सरांनी जाण्याआधीच जोडून ठेवल्या होत्या, वर अटही घातलेली. खात्री करायला मी नव्या फाइलीत एकटी तापमानाची हेडर जोडली. एकही एरर आली नाही. वाद मी जिंकले होते, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला रडू फुटलं.

प्रोग्रॅम वेळेवर गेला. बऱ्याच दिवसांनी सर आले, खूप वाळलेले, जिना चढून धापा टाकत.

"मेरे बिना काही अडलं का?"

कुठेच अडलं नव्हतं.

"खूप अडलं, सर," मी म्हणाले.