पालथा कप

चाचांनी चहाचा कप बशीत पालथा घातला, की आमच्या शहापूर आगारात सगळ्यांना कळायचं, रमजान जवळ आला. चांद दिसायला अजून महिनाभर अवकाश असे. कॅन्टीनवाला सवयीनं सगळ्यांपुढे कप मांडत जाई आणि चाचा आपल्यापुढचा कप उचलून उपडा करत.

‘अजून टाइम हाय ना चाचा,’ कुणीतरी म्हणेच.

‘घरात पावना यायच्या आदी आपण घर झाडतो ना? का तो दारात उभा रायल्यावर झाडू शोधतो?’

चाचा एसटीचे ड्रायव्हर. मी कंडक्टर. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जाणाऱ्या गाडीवर आम्ही कितीतरी वर्षं जोडीनं काम केलं. चहाशिवाय ज्याच्या हाताला गियर लागत नाही असा हा माणूस, रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला की चहा सोडायला घेई. आधी दुपारचा जाई, मग संध्याकाळचा. पहिले काही दिवस डोकं इतकं दुखे की कपाळाला रुमाल बांधून गाडी चालवत. त्या दिवसांत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. सोमवारी आणि गुरुवारी चाचा रोजा धरून बघत. पहाटे उठायची सवय व्हावी म्हणून रात्री लवकर जेवत. पाणी घोटघोट प्यायला लागत. एखाद्या पैलवानानं कुस्तीच्या आधी अंग तयार करावं तसं त्यांचं चाले.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून टाकत. रमजानभर सकाळची ड्युटी. रोजात भर दुपारी स्टेअरिंग धरायचं नाही, हा त्यांचा नेम. ‘रोजा माझा हाय. गाडीत जीव दुसऱ्यांचे हायत.’ आमचे दुसरे एक ड्रायव्हर त्यांना आनंदानं ड्युटी बदलून देत, कारण गौरी-गणपतीत चाचा त्यांची गाडी ओढत. आगारात याची कधी चर्चा झाली नाही. दोघांना सोयीचं होतं, चाललं होतं.

पोटाची तयारी झाली की मग दुसरी तयारी. ती बघायला मात्र मजा यायची.

चांद जवळ आला की चाचा माफी मागत फिरत. आगारातला मेकॅनिक, गाड्या धुणाऱ्या मावशी, कंट्रोलर, कॅन्टीनवाला, कुणालाच सोडत नसत. हात जोडत आणि म्हणत, ‘बोलन्याचालन्यात काय जास्तकमी झाला असंल तर माफ करा.’ समोरच्यानं ‘माफ’ म्हटल्याशिवाय हलत नसत. पहिल्या वर्षी माझ्यापुढे असे उभे राहिले तेव्हा मी गोंधळले.

‘अहो चाचा, तुम्ही मला कधी वाकडा शब्द बोलला नाहीत.’

‘बोललो नसंन गो बाय. मनात आनला असंन. त्याचा माफ कर.’

मनात काय आणलं होतं ते मी विचारलं नाही. मीही त्यांच्याबद्दल बरंच मनात आणलं होतं, म्हणून लगेच ‘माफ’ म्हणून टाकलं.

एकदा तर किन्हवलीच्या पुढे एका फाट्यावर त्यांनी भरली गाडी थांबवली. एक म्हातारी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन सावलीला बसली होती. मागे कधीतरी तिनं हात केलेला असताना गाडी थांबवली नव्हती म्हणे. चाचांनी खिडकीतून हात जोडले. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मेल्या, तवा थांबाचा ना. आज मना कुठं जावाचाच नाय.’ सगळी गाडी हसली. चाचा काही हसले नाहीत. ‘माफ बोल ना आये,’ म्हणत राहिले. शेवटी तिनं ‘जा बाबा, माफ’ म्हटल्यावर गाडी हलली.

‘पोट रिकामा ठेवनं सोपा हाय,’ ते म्हणत. ‘मन रिकामा करायला पायजे पयला. भरल्या मनावर रोजा बसत नाय.’

हे सांगणाऱ्या माणसाचं मन पुरतं रिकामं नव्हतं, हे मात्र आगारात सगळ्यांना ठाऊक होतं.

मुरबाडच्या स्टँडसमोर त्यांच्या धाकट्या भावाची बेकरी आहे. चाचा मुरबाडला पोचले की गाडी अशी लावत की स्वतःची पाठ बेकरीकडे येईल. कंट्रोलरनं कितीही सांगितलं तरी गाडीचं तोंड तिकडे करत नसत. पण पावाचा वास काही पाठ बघून थांबत नाही. मी तिथून खारी आणायची. चाचा तिला हात लावत नसत, पण पुडी उघडली की वळून बघत आणि विचारत, ‘आज भट्टी जास्त झाली काय?’

झालं होतं ते असं. त्यांची आई मुरबाडला धाकट्याकडे असे. ती वारली तेव्हा भर उन्हाळा होता आणि चाचा लांबच्या फेरीवर माळशेज घाटात होते. फोन लागेना. मय्यत जास्त वेळ ठेवायची नाही असं जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं. चाचा खाकी कपड्यांतच कब्रस्तानात धावत पोचले तेव्हा कबर भरून वर पाणी शिंपडून झालं होतं. त्यांच्याकडे दफनाच्या वेळी घरचा प्रत्येकजण कबरीत मुठीनं माती देतो. थोरल्या मुलाची मूठ तशीच राहिली. चाचांनी सगळ्यांदेखत भावाला सांगितलं, ‘आजपासून तू माझा कोन नाय.’ तेव्हापासून अबोला.

मी एकदा धीर करून म्हटलं होतं, ‘चाचा, त्या म्हातारीसाठी गाडी थांबवता, आणि भावासाठी?’

चाचांनी गाडी पुढे काढली. सरळगाव आलं. मग म्हणाले, ‘त्यानं थोडा थांबायला पायजे होता, बाय.’ एवढंच. दर वर्षी ते सगळ्यांची माफी मागत आणि दर वर्षी ही एक जागा ओलांडून रोजे सुरू करत. ते त्यांना डाचत असे, हे मला दिसत होतं. रमजानच्या पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा उपाशी माणसाचा नसे, चूक करून बसलेल्या माणसाचा असे.

मग त्यांची साखर वाढली. पायाला जखम झाली ती बरी होईना. इन्सुलिन सुरू झालं आणि त्यांना स्टेअरिंगवरून उतरवून आगारात हलकं काम दिलं. त्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोजे धरायचे नाहीत. चाचा मौलानांकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं: आजाऱ्यानं जीव धोक्यात घालायचा नाही, रोजाच्या बदली एका गरजवंताला जेवू घाला. चाचांनी ती सोय केली. घराच्या मागे एकटी राहणारी एक म्हातारी होती, तिचा डबा ठरवला.

तरी शाबान लागला आणि कॅन्टीनमध्ये त्यांनी कप पालथा घातला. या वेळी कुणी थट्टा केली नाही.

‘आता कशाला, चाचा?’ मी हळूच विचारलं.

‘पोटाची तयारी जनमभर केली गो. आता पोटाला सुट्टी मिळाली,’ ते म्हणाले. त्यांचा हात उपड्या कपावरच होता. ‘रायली ती दुसरीच. तीच जमली नव्हती.’

चांदाच्या आदल्या दिवशी ते माझ्या गाडीत येऊन बसले, प्रवासी म्हणून. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मी काही विचारायच्या आत म्हणाले, ‘मुरबाड दे.’ मुरबाड आलं तेव्हा उतरून माझ्यासाठी थांबले. ‘तू चल बाय. एकटा गेलो तर दुकान सोडून पुढं जाईन.’

भाऊ गल्ल्यामागे उभा होता. हाताला पीठ, चेहरा थेट चाचांचाच, फक्त दाढी काळी. गिऱ्हाइकाचे पाव कागदात बांधत होता. आम्हाला बघून त्याचे हात थांबले नाहीत.

चाचांनी हात जोडले. इतक्यांदा बोललेलं वाक्य, पण तोंडातून नीट येईना. ‘तेव्हा... कब्रस्तानात बोललो ते. माफ कर.’

गिऱ्हाईक निघून गेलं. भावानं दोऱ्याची गुंडी बाजूला ठेवली. ‘तुझ्या नावाची मूठ मी टाकली होती, भाई,’ तो म्हणाला. ‘ही भाईची, असा बोलून टाकली. तुला तेच सांगायला आलतो. तू तोंड फिरवून गेलास.’

चाचा तिथल्या बाकावर बसले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मलाही तिथे उभं राहवेना, पण जावंसंही वाटेना. मग भाऊ बाहेर आला आणि शेजारी बसला, मधे थोडी जागा ठेवून.

‘परवापासून इफ्तारला घरी ये,’ तो म्हणाला.

‘मना रोजा नाय या वर्साला. डाक्टर नको बोलला.’

‘मी रोजा इचारला काय? ये बोललो.’

समोरच्या हॉटेलातून तीन चहा आले. दोघा भावांनी बोलता बोलता आपापल्या कपाला हात घातला आणि वर बशी झाकून तो बाजूला सारला. मग एकमेकांच्या कपाकडे बघितलं. शाबानात चहा सोडायची ही रीत त्यांच्या बापाची, असं चाचांनी मला नंतर सांगितलं. तिन्ही चहा मीच प्यायले.

त्या महिन्यात मी चाचांना रोज बघत होते. दुपार कलली की गाडीत येऊन बसत, मांडीवर खजुराचा डबा. रोजा नसलेला हा माणूस इफ्तारला शहापूरहून मुरबाडला जाई. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कुठल्याच रोजात पाहिलं नव्हतं.

पुढच्या थंडीत चाचा गेले. दफनाला आगारातले बरेचजण गेले होते. पहिली मूठ भावानं दिली.

परवा मुरबाडला गाडी लावली, तर तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. बेकरी उघडी टाकून आला होता. शाबान सुरू आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. त्यानं पिठाचे हात जोडले.

‘भाईकडून बोलन्याचालन्यात काय जास्तकमी झाला असंल तर माफ करा.’

‘अहो, ते मला कधी वाकडं बोलले नाहीत,’ मी म्हटलं.

‘बोलला नसंल. मनात आनला असंल.’

मला ‘माफ’ म्हणायला जरा वेळ लागला. तो थांबून राहिला. मी म्हटल्यावर त्यानं मान हलवली आणि शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे गेला, मग त्याच्या पलीकडच्या गाडीकडे.