घट्टकाकांनी सूप खोललं

माझ्या काकांना सगळे घट्टकाका म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. बस डेपोच्या कार्यशाळेत ते छत्तीस वर्षं मेकॅनिक होते आणि त्यांनी आवळलेला नट आपणहून सुटल्याची एकही नोंद नाही. अडचण इतकीच, की तो हात ते संध्याकाळी डेपोत ठेवून येत नसत. त्यांच्या घरची जॅमची बरणी उघडायला दोन माणसं लागतात. त्यांनी नळ बंद केला, की पुढच्या माणसाने आंघोळीचा बेत उद्यावर ढकलावा. काकू होत्या तोवर घरातलं प्रत्येक झाकण त्या काकांच्या आधी धावत जाऊन लावायच्या. संसार सुखाचा झाला तो या चपळाईमुळे.

काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. काका निवृत्त झाले त्याला एक. आणि गेल्या हिवाळ्यात आत्याने त्यांचा फ्रिज उघडला.

आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. इस्पितळात मेट्रन होती. नोकरी संपून बारा वर्षं झाली, पण वॉर्ड तिच्या अंगातून गेलेला नाही. ती कुणाकडे पाहुणी म्हणून जात नाही, राउंडला जाते. त्या दिवशी फ्रिजमध्ये तिला अर्धा कांदा, चार उकडलेली अंडी आणि ग्रीसचा एक डबा सापडला.

"काल काय जेवलास?"

"ब्रेड."

"आणि परवा?"

"ब्रेडच. पण भाजून."

आत्याने फ्रिजचं दार असं लावलं, जणू आतला रुग्ण दगावला. "माझी मागची खोली रिकामी आहे. पुढच्या रविवारी बॅग भर."

ती खोली मी पाहिली आहे. तिथे एक लोखंडी कॉट, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवर सूचना आहेत. नऊला दिवे बंद. काकांच्या घरी भिंतभर नट आवळायचे पाने टांगलेले आहेत, प्रत्येकामागे त्याच पान्याची रंगवलेली आकृती. एखादा पाना जागेवर नसला, तर भिंतच चुगली करते. त्यातला एकही पाना आत्याच्या उंबऱ्याच्या आत येणार नव्हता. काकांचा चेहरा उतरला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं, त्याने ते स्वतःच दचकले.

"मी स्वयंपाक करतो की, ताई."

आत्या एवढी हसली, की तिला खुर्चीत बसावं लागलं. "तू? चहा करताना दोनदा भाजलास तू! बरं. रविवारी संध्याकाळी सातला जेवायला येते. एक धड गरम जेवण समोर ठेवलंस, तर हा विषय मी मरेपर्यंत काढणार नाही. नाही जमलं, तर बॅग घेऊनच निघायचं."

दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, शेजारी चिमटा, चष्म्यावर भिंग. मधोमध झाकणाचा डबा. डेपोसमोरच्या खाणावळीत थंडीत एक सूप मिळतं. दाट, पांढरं, त्यात सॉसेजच्या चकत्या आणि वर तरंगणारे पिठाचे फुगीर गोळे. गारठलेल्या हातांनी गाडीखालून निघालेला माणूस तो वाडगा आधी दोन्ही तळव्यांत धरायचा आणि चमचा मग शोधायचा. काकांनी छत्तीस हिवाळे त्यावर काढले होते. तेच सूप ते विकत घेऊन आले होते.

"जेवायचं?" मी विचारलं.

"खोलायचं," काका म्हणाले.

"अहो, खाणावळीच्या बाईंना कृती विचारली असती तर?"

"मेकॅनिक विचारत नाही. खोलतो, बघतो, पुन्हा बसवतो."

आणि खरंच त्यांनी ते सूप खोललं. गाळणीवर ओतलं आणि एकेक भाग चिमट्याने उचलून, निघाला त्याच क्रमाने, वर्तमानपत्रावर मांडला. गिअरबॉक्स असाच मांडतात म्हणे, परत बसवताना क्रम उलटा धरायचा. वरचा गोळा, नग सहा. सॉसेजची चकती, नग अकरा. बटाट्याचे तुकडे, गाजर, कांदा. काकांनी कॅलिपरने गोळ्याचा व्यास मोजला आणि मी तो लिहून घेतला, कारण मी लिहिणारा माणूस आहे आणि घराण्यात माझा एवढाच उपयोग आहे. शेवटी एक तपकिरी, कडक पान निघालं.

"हे काय?"

"दोन भागांमधलं गॅस्केट असावं," काका गंभीरपणे म्हणाले.

मी तमालपत्र म्हणालो. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

त्याच रात्री त्यांनी जोडणी केली. सॉसेज परतली, कांदा-गाजर त्याच तुपकट भांड्यात गेलं, बटाटे, दूध, वरून साय. इथवर वास असा सुटला, की शेजारचं कुत्रं दाराशी येऊन बसलं. मग गोळे. काकांनी मैदा, लोणी आणि दूध घेतलं आणि पीठ मळायला बसले. वीस मिनिटं मळलं. ओट्यावर आपटलं. वळून आवळलं. प्रत्येक गोळा कॅलिपरखालून गेला. सूपमध्ये टाकल्यावर सहाच्या सहा गोळे तळाशी गेले आणि भांड्याच्या बुडावर वाजले. टण्, टण्, टण्.

मी एक चमच्याने दाबला. तो उडाला, भिंतीवर आपटला आणि पान्यांच्या रांगेत घरंगळला. कुत्र्याने त्याचा वास घेतला आणि ते घरी निघून गेलं.

"बेअरिंग म्हणून चालतील," मी म्हणालो.

काका हसले नाहीत. त्यांनी कपाटावरून बॅग काढली आणि तिची चेन चालते का पाहिली. चालत होती. तिला तेल त्यांनीच घातलं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस खरंच घाबरलेला आहे.

सकाळी मी त्यांना ओढतच खाणावळीत नेलं. मालकीण गल्ल्यावर होती. काकांनी कबुली दिली. बाईने कमरेवर हात ठेवले.

"तुम्ही माझ्या सूपचं पोस्टमॉर्टेम केलंत?"

"नुसतं खोललं."

"अहो घट्टकाका, बेकिंग पावडर चिमट्यात सापडते होय? ती त्या गोळ्यात विरघळून गेलेली असते! आणि पीठ मळलं किती?"

"वीस मिनिटं."

"वीस?" बाईने आत आवाज दिला, "अगं, ऐकलंस का?" आतून भांडी घासणाऱ्या मुलीचं हसू ऐकू आलं. "मळायचंच नाही. चमच्याने चार वेळा फिरवायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू दे. चमच्यानेच सूपमध्ये सोडायचं. वर झाकण ठेवायचं, गॅस बारीक करायचा आणि बारा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. वाफ गेली की गोळे बसले. आणि साय अगदी शेवटी. आधी घालून उकळलीत, तर फुटते."

"गोळे सैल ठेवायचे?" काकांनी पुन्हा विचारलं.

"सैल."

घरी येताना ते खाली बघत, एकेक पाऊल मोजत चालले. धर्मांतराला निघालेला माणूस असाच चालत असेल.

रविवारी सातला पाच मिनिटं कमी असताना आत्या आली. लोकरीची टोपी, हातमोजे, आणि येताना कॉटवरची चादर बदलून आल्याची बातमी. तोवर सूप खदखदत होतं. काकांनी पीठ चार वेळा, मोजून चार वेळा फिरवलं आणि ओबडधोबड सहा गोळे सोडले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. ते पाहताना त्यांना किती यातना झाल्या, हे मी जवळून पाहिलं आहे. झाकण ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून दोन मिनिटं.

तिसऱ्या मिनिटाला झाकण खडखडू लागलं.

आता हे जरा समजून घ्या. छत्तीस वर्षं ज्याने खडखडाट ऐकला, की बॉनेट उघडलं, त्या माणसासमोर झाकण वाजत होतं. काकांचा हात आपणहून वर गेला. मी तो धरला. त्यांनी दुसरा काढला. मी तोही धरला. काका-पुतणे आम्ही ओट्यापुढे असे उभे, जणू नाच शिकतोय.

"काय चाललंय तुमचं?" म्हणत आत्या आत आली, सरळ शेगडीकडे गेली आणि झाकणाला हात घातला. तिने आयुष्यभर दुसऱ्यांची झाकणं उघडली आहेत. विचारायची पद्धत तिच्याकडे नाही.

"ताई, हात लावू नकोस!"

मी काकांचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. आत्यानेही नसावा. एकसष्ट वर्षांत तिच्या भावाने तिला काही करू नकोस असं प्रथमच सांगितलं होतं. तिचा हात झाकणावर तसाच थांबला.

"मला सांगतोस?"

"हो. माझं घर आहे. माझं झाकण आहे. अजून नऊ मिनिटं आहेत. बाहेर जाऊन बस."

"आणि नाही बसले तर?"

"तर सूप बिघडेल. मग मी बॅग भरेन आणि रोज सकाळी तुझ्या घरातले सगळे नळ बंद करेन."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग ती बाहेर जाऊन बसली आणि दर मिनिटाला ओरडून वेळ विचारत राहिली. "किती झाली?" "पाच राहिली!" "आता?" "चार!" तिच्या वॉर्डात रुग्ण असेच तिला विचारत असतील, आणि ती उत्तर देत नसेल.

बाराव्या मिनिटाला काकांनी झाकण उचललं. गोळे दुप्पट फुगून अंगाला अंग लावून तरंगत होते. काकांनी साय सोडली, वरून मिरी भुरभुरली आणि वाडगा आत्यासमोर ठेवला.

आत्याने आधी वाडगा दोन्ही हातांनी धरला. एक गोळा कापला. तो हुश्श करून उघडला. ती खात राहिली. दुसऱ्यांदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा मागितलं नाही, स्वतः उठून वाढून घेतलं. आम्ही दोघे निकालाची वाट पाहत उभे.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. मग वाडग्यातच बघत, "चाळीस वर्षं झाली, मला कुणी आयतं गरम वाढलं नव्हतं."

काकांनी मीठ आणून ठेवलं.

"ठीक आहे," आत्याने तोंड पुसलं. "तू कुठे जायचं नाहीस. शब्द म्हणजे शब्द."

काकांनी बॅग पुन्हा कपाटावर टाकली. त्या रात्री फोनवर माझ्याशी ते पंचवीस मिनिटं बोलले आणि त्यातली वीस त्या गोळ्यांवर.

सोमवारी दुपारी आत्या दोन सुटकेसा, स्वतःची उशी आणि भिंतीवरच्या सूचना घेऊन त्यांच्या दारात उतरली. तिच्या घराला म्हणे थंडीत ओल येते. काकांनी दोन्ही सुटकेसा स्वतः वर नेल्या. मी जिन्यात भेटलो, तेव्हा ते धापा टाकत होते.

"काका, तुम्ही जिंकलात ना?"

"जिंकलो की," ते म्हणाले. "मी जाणार नाही, एवढंच ठरलं होतं. ती येणार नाही, हे कुणी ठरवलं होतं?"

वरून आत्याचा आवाज आला, "अरे, आज जेवायला काय?"