पाडायच्या माणसाचा चहा

आमच्या तालुक्यात बदल म्हणाल तर देवळाचा रंग, तोही कौल लावून, सात वर्षं विचार करून. अशा ठिकाणी शांताताई शाळेतली नोकरी सोडून आमदारकीला उभ्या राहिल्या. म्हणतात, शेताच्या प्रत्येक सातबाऱ्यावर बायकोचंही नाव लागलं पाहिजे!

मला वाटलं, आता दगड पडणार. पण काल त्या आमच्या आळीत फिरल्या आणि घराघरांतून चहा आला. इतका, की त्यात म्हैस डुंबली असती. जन्मात बायकोला नावानं हाक न मारलेले नानासाहेब हात जोडून म्हणाले, "ताई, यंदा तुम्हीच!" माझ्या अंगावर काटा आला. ज्याला निवडून द्यायचं, त्याच्याशी आमची माणसं नळासाठी, रस्त्यासाठी कचाकचा भांडतात. एवढं गोड बोलतात ते फक्त पाडायच्या माणसाशी.

आमच्या ओट्यावर मी पुढे केलेला कप ताईंनी बाजूला सारला. "काका, चहा पुरे झाला. एकदा भांडा की माझ्याशी!"

मी तोंड उघडलं. आत बायकोचा भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. आमच्या सातबाऱ्यावर माझं एकट्याचंच नाव आहे.

"असं काय करता ताई," मी म्हणालो, "अर्धा कप तरी घ्याच."