बहारीन शाखेची तहकूब सभा

अश्वजित तायडे हा आमच्या बहारीनमधल्या, सित्रा बेटावरच्या कंपनीतला इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. प्रेशर गेज तपासायचे, खोटा आकडा दाखवणारे काढून टाकायचे, हे त्याचं काम. माणसं पारखणं मात्र त्याला कधी जमलं नाही. जो येईल त्याला हा हो म्हणतो, आणि मी चिडतो. मूळचा अकोल्याचा. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांनी पोराला शिकायला युक्रेनमध्ये खारकीव्हला पाठवलं, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी शाळेतून नकाशा आणून ते गाव शोधलं होतं.

युद्ध सुरू झालं आणि तिथल्या विद्यापीठाची प्रयोगशाळा बॉम्बखाली गेली. मग एका जर्मन विद्यापीठाने त्यांच्याशी भागीदारी केली. जर्मनच ते, त्यांनी आधी जगभरच्या माजी विद्यार्थ्यांच्या शाखा काढल्या. एका सकाळी अश्वजितला ईमेल आला: अभिनंदन, आपण बहारीन शाखेचे अध्यक्ष आहात. सभासद एकच, तोही हाच.

जर्मनीहून मोजमापाची जुनी यंत्रं खारकीव्हला जाणार होती, पण आशियातल्या एखाद्या शाखेने सभा घेऊन ठराव दिला तरच. बाकी शाखांनी उत्तरच दिलं नव्हतं, आणि मुदत शुक्रवार संध्याकाळ. सभेला किमान पाच सभासद हवेत. तिकडे अश्वजितच्या शिक्षिका लारिसा बाई वयाची साठी उलटल्यावरही तळघरात फळ्यावर गेजची चित्रं काढून शिकवत होत्या. ते आठवलं की हा तो ईमेल पुन्हा उघडून बसायचा.

शेवटी त्याने किसनकाकांना गाठलं. काका बावीस वर्षं इथल्या भीमजयंती समितीचे अध्यक्ष; सभेचं शास्त्र त्यांना तोंडपाठ.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला काकांच्या हॉलमध्ये लॅपटॉप मांडला. पडद्यावर एका चौकोनात जर्मनीचे लुट्झसाहेब, दुसऱ्यात तळघरात ओव्हरकोट घालून बसलेल्या लारिसा बाई. लुट्झसाहेबांनी हजेरी मोजली. मोजायला त्यांना वेळ लागला नाही.

"एक. गणपूर्ती नाही. मला वाईट वाटतं."

"काका, आता खलास," अश्वजित म्हणाला. "मी एकटाच हाय इथं."

"खलास कसलं? सभा तहकूब!" काका गरजले. "अर्ध्या तासानं ह्याच जागी. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, सांग त्यांना."

हे कुठे लिहिलंय, असं लुट्झसाहेबांनी विचारलं. काकांनी कपाटातून आपल्या कल्याणच्या सोसायटीचे उपविधी काढले. अश्वजितने कलम इंग्रजीत वाचून दाखवलं. साहेब हसतील असं मला वाटलं होतं. ते दहा मिनिटं आपली नियमावली चाळत बसले आणि म्हणाले, "आमच्यातही तरतूद आहे. पण नवं निमंत्रण हवं."

मग अश्वजितने अश्वजितला निमंत्रण पाठवलं.

"मिळालं का?" साहेबांनी विचारलं.

"मिळालं."

"येणार का?"

"इंशाल्ला," काका मधेच बोलले.

"हो किंवा नाही," साहेब म्हणाले.

"हो," अश्वजित म्हणाला.

पुढचा अर्धा तास एक माणूस स्वतःच्या येण्याची वाट बघत बसला, आणि आम्ही त्याच्याकडे बघत. माझं डोकं फिरलं होतं. बाईंच्या तळघरात वीज इथल्या सहापर्यंतच होती.

सभा पुन्हा सुरू झाली. सूचक अश्वजित, अनुमोदक अश्वजित. "कोणी विरोधात?" असं विचारल्यावर या गाढवाने खरोखर हॉलभर नजर फिरवली. ठराव एकमताने मंजूर. यंत्रं निघणार! मी टाळ्या वाजवल्या, माझ्याच नकळत.

"थांबा," काका म्हणाले. "ह्या गडबडीत श्रद्धांजली राहिली. तिच्याशिवाय आमच्यात सभा होत नाही."

कार्यक्रमपत्रिकेत तो विषय नव्हता. साहेबांनी तो लिहून घेतला आणि नावं विचारली. अश्वजितने तिकडच्या भाषेत बाईंना विचारलं. बाईंनी पिशवीतून त्याच्या वर्गाचं जुनं हजेरीपुस्तक काढलं, चष्मा लावला. आम्ही उभे राहिलो.

आंद्री. तारास. पेत्रो. युद्धात गेलेल्यांचीच नावं त्या सावकाश वाचत होत्या, प्रत्येक नावानंतर थांबत होत्या. बोहदान म्हटल्यावर अश्वजितने टेबलाची कड धरली. बोहदान त्याच्याच बाकावर शेजारी बसायचा. तो गेल्याचं याला आत्ता कळत होतं.

बाईंनी पान उलटलं आणि वीज गेली. त्यांचा चौकोन काळा झाला.

कोणी बसलं नाही. लुट्झसाहेबही उभे होते. पडद्यावर त्यांच्या शर्टाची बटणं तेवढी दिसत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "इतिवृत्तात किती मिनिटं लिहू?"

"नावं संपली नाहीत," अश्वजित म्हणाला. "चालू आहे, असं लिहा."