चार वाजून दोन मिनिटं

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आधी स्क्रूड्रायव्हर काढतात. मी आधी लॉग उघडतो. मशीन कधी सुरू झालं, कधी अचानक पडलं, याची नोंद ते स्वतःच मिनिटासकट ठेवतं. लोकांच्या घरातल्या या नोंदी वाचायची मला भारी खोड.

लोणंदजवळच्या एका वाडीत निवृत्त सुभेदारांकडे गेलो होतो. दुपारी ते पलटणीतल्या आठवणी टाइप करायचे, चारनंतर त्यांची सून भरतीच्या परीक्षेचा सराव करायची. दोन महिने मशीन रोज बंद पडत होतं आणि सुभेदारांचं लिखाण उडत होतं.

"हिच्या हाताला काय धरबंध न्हाई. उद्यापास्नं हिचं बंद," ते म्हणाले. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. सून दाराशी उभी होती.

लॉगमध्ये रोज तीच वेळ: चार वाजून दोन मिनिटं, कधी तीन. मी शहाणा, मोठ्यानं वाचून दाखवलं.

"बघा, म्हणलं नव्हतं?" सुभेदार म्हणाले. सुनेचा चेहरा पडला.

पण रोज त्याच मिनिटाला? माणसाच्या हातची चूक इतकी वक्तशीर नसते. मला काही चैन पडेना. सहज मोबाइल बघितला, अकरा वीस झाले होते. मशीनच्या कोपऱ्यात अकरा तीस.

"सुभेदार, हे घड्याळ पुढं कुणी केलं?"

"मीच. धा मिनिटं आधी हजर ऱ्हायाची सवय हाय पलटणीतली. हितं चार दिसलं की उठतो."

"उठून काय करता?"

"बोअरची मोटर लावतो आन् गोठ्यात जातो."

सून यायची ती भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले की. ते घड्याळ बरोबर होतं. लॉगमधले चार-दोन म्हणजे खरे तीन बावन्न; ती येण्याआधी सात-आठ मिनिटं मशीन पडलेलं असायचं. मी सुभेदारांना मोटर लावायला सांगितलं. त्यांनी बाहेर ओसरीवरचं बटण दाबलं, व्होल्टेज पडलं आणि आत पडदा काळा झाला.

"आवं मामंजी, दोन महिनं मी ह्येच सांगतीया," सून म्हणाली. "मी यायच्या आधीच बंद असतंय." आवाज चढवला नाही तिनं. मघाशी तोंड उघडल्याची मला लाज वाटली.

सुभेदार मोटर बंद करून आत आले. मग मला म्हणाले, "तिला सांगा, परीक्षा हुईस्तवर मशीन तिचंच."

ती चार हातांवर उभी होती. मला रागच आला.

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं, पण खाली बघून.