मनातल्या मनात बोला, डोकं हलवू नका!

एमआरआयच्या मशीनमध्ये माणूस अर्धा तास न हलता पडून राहतो आणि बाहेर आला की दोन दिवसांचं बोलून घेतो. अशा सेंटरमध्ये आठ वर्षं काढल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय! घरी बदलापूरला, कात्रपमध्ये, तर पोरं अडूनच बसायची. आधी आजचा किस्सा, मग भाजी.

सेंटर उल्हासनगरला, मी तिथली टेक्निशियन. मोबाईलवर सापाचा गेम खेळायचे ते दिवस. आमच्या डॉक्टर मॅडमनी तेव्हा नवीनच फंक्शनल एमआरआय सुरू केला. साधा एमआरआय मेंदूचा फोटो काढतो, हा मेंदूला काम करताना पकडतो. बोट हलवलं की मेंदूत बोट हलवणाऱ्या जागेकडे रक्त जास्त धावतं, आणि स्क्रीनवर तेवढाच ठिपका नारिंगी होतो. मला तर पहिल्या दिवशी दिवाळीच वाटली!

पण आधी सराव हवा, आणि सरावाला धडधाकट माणसं हवीत. ओळखीपाळखीतून मिळतील ती आम्ही धरून आणायचो.

* * *

पहिले आले बदलापूर गावातले काशिनाथकाका. भातशेती करणारे, दणकट. हेडफोनवरून मी सांगायचं, "बोटं हलवा." अर्ध्या मिनिटाने, "आराम." अशा पाच फेऱ्या.

तिसऱ्या आरामनंतर बोटं हलेचनात. मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. घाबरून मशीन थांबवलं, तर आतून घोरणं!

"काका, झोपलात?"

टेबल बाहेर ओढल्यावर काका उठून बसले. "मंग? आराम करा म्हणून तूच सांगलंस ना? त्या ठकठकाटात झोप लावायला किती मेहनत लागली, तुला काय माहीत!"

* * *

नंतर अंबरनाथच्या एक रिटायर्ड बाई. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेलं. त्यांना काम दिलं, 'क'वरून जितके शब्द आठवतील तितके मनातल्या मनात म्हणायचे.

आत जाताना प्रत्येकाच्या हातात आम्ही एक रबरी फुगा देतो. जीव घाबरला, काही दुखलं, तर दाबायचा. बाहेर घंटी वाजते.

दोन मिनिटांत घंटी! मी धावले, मॅडम धावल्या, टेबल बाहेर ओढलं. "बाई, काय होतंय?"

बाई गंभीर. "काही नाही गं. 'कप' मराठी धरायचा का?"

* * *

परमानंदसेठचं उल्हासनगरातच, कॅम्प दोनमध्ये, पडद्यांच्या कापडाचं दुकान. माणूस हौशी, स्वतःहून आला. स्कॅन झाला आणि मॅडम स्क्रीनकडे बघतच राहिल्या. बोटं हलवताना मेंदू शांत, आणि आराम म्हटलं की सगळीकडे लखलखाट! मला वाटलं, मीच फाईल उलटी लावली.

मॅडमनी विचारलं, "सेठ, आराममध्ये काय करत होतात?"

"वडी मॅडम, आप आराम बोला, तो दुकान याद आया. कौन बैठा होगा, कौनसा थान काट रहा होगा. उंगली हिलाता था, तब तो थोडा आराम मिला!"

* * *

आमच्या बिल्डिंगमधले सावंत आले ते वहिनींना घेऊनच. सावंतांना हेडफोनवर शब्द ऐकवायचे होते. वहिनी माझ्या शेजारी स्क्रीनसमोर बसल्या. दोन्ही बाजूंना छान ठिपके उमटले.

"हे काय गं?"

"वहिनी, हा ऐकायचा भाग. एकदम नॉर्मल."

"नॉर्मल? नक्की?"

"शंभर टक्के."

वहिनींनी पदर खोचला. "मग मला हे लेटरहेडवर लिहून दे. सही-शिक्क्यासकट!"

* * *

आणि मग सराव संपून खरे पेशंट सुरू झाले. त्यातले पहिले प्रकाशभाऊ. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. मेंदूत डाव्या बाजूला गाठ. पाणी हवं असलं तरी शब्द सापडायचा नाही, नुसते "ते… ते…" करून हात हलवायचे. मुंबईचे सर्जन गाठ काढायला तयार होते, पण बोलण्याची जागा गाठीच्या किती जवळ आहे ते त्यांना आधी हवं होतं. चुकून तिथे सुरी लागली तर वाचा जायची.

आम्ही 'क' दिला, 'म' दिला. स्क्रीन काळी. भाऊंच्या डोळ्यांत पाणी.

बाहेर त्यांच्या मिसेस, रत्नावहिनी, बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "भाऊंना बोलायला सगळ्यात जास्त कधी आवडायचं?"

त्या म्हणाल्या, "जयंतीला! मंडळाचा माइक वीस वर्षं यांच्याच हातात. कुणाचं पोर हरवलं, कुणाची गाडी आडवी लागली, सगळं हेच पुकारणार."

मी आत जाऊन सांगितलं, "भाऊ, मनातल्या मनात माइक हातात घ्या आणि करा सुरू. फक्त डोकं हलवू नका!"

स्क्रीनवर नारिंगी ठिपका असा उमटला की मॅडमनी माझा हातच दाबला. गाठीपासून चांगला बोटभर लांब!

ऑपरेशनच्या दिवशी आमच्या सेंटरमध्ये कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. पुढचं रत्नावहिनींनी सांगितलं. भाऊ शुद्धीवर आले तेव्हा कॉटभोवती सात-आठ डॉक्टर. वहिनी मागे दारात, टाचा उंचावून बघताहेत. सर्जननी पेन दाखवलं.

"पेन."

घड्याळ दाखवलं.

"घड्याळ."

"शाब्बास! आता एक पूर्ण वाक्य बोला बघू."

भाऊंनी सगळ्यांवरून नजर फिरवली, घसा खाकरला, आणि अख्ख्या वॉर्डात आवाज घुमला:

"कॉटजवळ उभ्या असलेल्या सर्व डॉक्टर बांधवांना नम्र विनंती! वाट मोकळी करावी, आमच्या मिसेसना पुढे येऊ द्यावं!"